नाव वेगळं म्हणून अकाउंट फेक नसतं

प्रोफाइलवर मुलीचं नाव आणि आधार कार्डावर मुलाचं, म्हणजे अकाउंट फेकच, असं अनेकांना वाटतं. फेक म्हणजे दुसऱ्याचं सोंग. ट्रान्स व्यक्ती तर स्वतःचंच नाव सांगत असते. कागदपत्रं मागून येतात, कधी वर्षानुवर्षं येतही नाहीत. 'खऱ्या नावा'च्या नियमावर बोट ठेवून फेसबुकने २०१४ मध्ये ड्रॅग कलाकार आणि ट्रान्स व्यक्तींची खाती बंद केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीला माफी मागावी लागली.

'ऑपरेशन झालंय का?' हा प्रश्न तर फोटोखाली हमखास येतो, जणू त्याशिवाय ओळख पुरी होत नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा. त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदेशीर.

सर्वनामं सांगणं हे परदेशी खूळ, असंही म्हटलं जातं. इन्स्टाग्रामवर त्यांचा रकाना २०२१ मध्ये आला, हे खरं. पण मराठीत 'मी' म्हटलं तरी पुढचं क्रियापद बोलतंच: 'मी पुण्याला आले' की 'आलो'? (कोल्हापूरकडच्या बायकाही 'आलो' म्हणतात, तो भाग वेगळा.) म्हणून घरी अजून न सांगितलेली ट्रान्स मुलगी जपून लिहिते: 'मला भूक लागली', 'मी सिनेमा पाहिला', 'उद्या येईन'. यांतून लिहिणाऱ्याचं लिंग कळत नाही. मग एके दिवशी ती लिहिते, 'आज खूप हसले.' तिने सांगायचं ते सांगून टाकलेलं असतं. त्याखाली 'काय रे, कसा आहेस?' अशी कमेंट आली, की तिचं म्हणणं खोडलं जातं, आणि तेही चारचौघांत.

'मोबाइल बघून पोरं अशी होतात' हे तर इतिहासालाच धरून नाही. हिजड्यांची नोंद ठेवण्याची तरतूद इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यात केली होती.

आणि पोस्ट केली म्हणजे सगळ्यांना सांगितलं, असंही नसतं. अनेकांची दोन खाती असतात: एक नातेवाइकांसाठी, एक मोजक्या मित्रमैत्रिणींसाठी. दुसऱ्या खात्याचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, तर मारहाण होऊ शकते, शिक्षण थांबू शकतं, घर सुटू शकतं. तृतीयपंथी व्यक्तींच्या शारीरिक छळाबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरवला, आणि त्याला ६ महिने ते २ वर्षं कैदेची शिक्षा ठेवली.