टोफूचे ठोकळे आणि पावसातला कडा

2000 साली निन्टेंडोने एका प्रदर्शनात ‘झेल्डा’ या आपल्या गेम-मालिकेची चित्रफीत दाखवली. नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ तलवारी भिडवत होते, अगदी खऱ्या माणसांसारखे. चाहते हरखून गेले. वर्षभराने त्याच प्रदर्शनात लिंक आला तो मोठाल्या डोळ्यांचा, कार्टूनमधला पोरगा होऊन, आणि अनेकांचा हिरमोड झाला. तो ‘विंड वेकर’. तो आज लावला तरी डोळ्यांना ताजा वाटतो. त्या काळातले ‘वास्तववादी’ गेम मात्र केव्हाच जुने दिसू लागले.

त्याच्या आधीचा ‘माजोराज मास्क’ तर याहून धाडसी. मालिकेतल्या आधीच्या ‘ऑकारिना’ या गेममधलेच चेहरे पुन्हा वापरून केलेला, आणि तीन दिवसांत चंद्र कोसळणार म्हणून सगळं गाव धास्तावलेलं. नवीन नावाच्या गेमला एवढी उदास गोष्ट सांगू दिली असती का, मला शंकाच आहे.

पुढे मात्र घडी बसली. 2011 च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये फाय ही सोबतीण पावलोपावली पुढे काय करायचं ते सांगत राहते. ते ऐकताना मला वाईट वाटायचं. ज्या मालिकेने शोधायला शिकवलं, तीच आता बोट सोडायला तयार नव्हती.

मग निन्टेंडोचं वी यू हे गेमचं यंत्र आलं आणि पडलं. जेमतेम 1 कोटी 35 लाख यंत्रं खपली. त्या पडत्या काळात 2015 ला ‘स्प्लॅटून’ आला, नवं नाव, नवी पात्रं. सुरुवातीच्या नमुन्यात टोफूसारखे काळे-पांढरे ठोकळे एकमेकांवर शाई उडवायचे. त्यांचे आधी ससे झाले, मग माकूल. माकूल म्हणजे शाई आलीच, आणि त्या शाईत बुडी मारून पोहणंही आलं. पात्र खेळातूनच उगवलं, म्हणून ते इतकं चपखल बसलं.

मला वाटतं, त्यापेक्षा मोठा जुगार 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा होता. ‘स्प्लॅटून’ फसला असता तर एक नाव गेलं असतं. इथे ‘झेल्डा’ची तीस वर्षांची पुण्याई पणाला लागली होती. मालिकेचे निर्माते एइजी आओनुमा यांच्या चमूने ठरलेला क्रम मोडला, तलवारी तुटू दिल्या, सुरुवातीचं पठार सोडलं की थेट शेवटच्या शत्रूकडे जायची मुभा दिली.

आणि पाऊस. कडा अर्धा चढून झालेला असतो, सर येते, हात निसटतात. खाली उतरून कपारीत शेकोटी पेटवायची आणि आभाळ उघडायची वाट पाहायची. तोवर कुणी काही सांगत नाही.