काळपुळी : औषधाची वेळ आणि साठ दिवस

ऑक्टोबर २००१ मध्ये वॉशिंग्टन येथील ब्रेंटवुड टपाल केंद्रातील चार कर्मचारी काही दिवसांच्या अंतराने आजारी पडले. ताप, घाम, अंगदुखी, थोडा खोकला. आपल्यापैकी कोणीही फ्लू म्हणून घरी पाठविला असता, असाच प्रत्येक रुग्ण. चौघांच्याही श्वासावाटे अँथ्रॅक्सचे बीजाणू शरीरात गेले होते. दोघांच्या बाबतीत वेळीच संशय आला, शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली आणि ते वाचले. उरलेल्या दोघांना किरकोळ विषाणुजन्य आजार समजून परत पाठविण्यात आले. ते पुन्हा रुग्णालयात आले तेव्हा हाती काही तासच उरले होते. पत्रांतून पसरलेल्या त्या साथीत २२ जणांना बाधा झाली. त्यांपैकी ११ जणांना श्वसनमार्गाचा अँथ्रॅक्स झाला आणि त्यांतील ५ दगावले.

जंतू प्रतिजैविकांना दाद देत होता, तरीही हे घडले. कारण औषध जंतूला मारते, त्याने आधीच रक्तात सोडलेल्या विषाला नाही. म्हणूनच गंभीर रुग्णात सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या जंतुनाशकाच्या जोडीला क्लिंडामायसिन किंवा लिनेझोलिड देतात. ही औषधे जंतूची विषनिर्मितीच रोखतात. विषावर थेट उतारा ठरणाऱ्या रॅक्सिबॅक्युमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१२ मध्ये. येथे एक सावधगिरी : मेंदूज्वरात आपला हात सवयीने सेफ्ट्रायक्सोनकडे जातो, परंतु या जंतूवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

आपल्या देशात मात्र हा रोग टपालाने येत नाही. मेलेल्या गुराची किंवा मेंढीची कातडी सोलणाऱ्याच्या हातावर तो प्रथम दिसतो. ग्रीक भाषेत ‘अँथ्रॅक्स’ म्हणजे कोळसा. आपल्या लोकांनीही खपलीचा रंग पाहूनच ‘काळपुळी’ म्हटले. पंचाईत एवढीच, की मधुमेह्याच्या पाठीवरील गळवालाही आपण काळपुळीच म्हणतो! ते गळू ठणकते. ही पुळी दुखत नाही, भोवती सूज मात्र पुष्कळ. औषध सुरू केल्यावर जखमेतील जंतू साधारण दिवसभरात नाहीसे होतात, तरी खपली आपल्या क्रमाने काळी पडतच राहते. ते पाहून औषध निष्फळ ठरले असे समजू नये. जनावरांपासून झालेल्या साध्या त्वचारोगाला सात ते दहा दिवसांचे औषध पुरते.

श्वासावाटे बीजाणू गेले असतील, तर मात्र साठ दिवस. बीजाणू फुप्फुसात निद्रिस्त पडून राहतात आणि निद्रिस्त बीजाणूवर प्रतिजैविक चालत नाही. तो रुजून जंतू झाला की मगच ते लागू पडते. माकडांवरील प्रयोगात तीस दिवसांनी औषध थांबविल्यावर काही प्राणी दगावले. सोव्हिएत रशियातील स्वेर्दलोव्स्क येथे १९७९ मध्ये लष्करी केंद्रातून बीजाणू हवेत निसटले, तेव्हा काही जण तब्बल सहा आठवड्यांनी आजारी पडले.

अमेरिकेत २००१ मध्ये सुमारे १०,००० धडधाकट माणसांना साठ दिवस गोळ्या घेण्यास सांगितले होते. निम्म्याहून कमी लोकांनी मुदत पूर्ण केली. कोणाला मळमळ सोसवेना, कोणाला आपल्याला काहीच झालेले नाही असे वाटले. सुदैवाने त्यांच्यापैकी कोणालाही रोग झाला नाही. पण प्रत्येकाच्या फुप्फुसात किती बीजाणू शिरले होते, हे गोळ्या थांबविताना ना त्यांना ठाऊक होते, ना त्यांच्या डॉक्टरांना.