गुप्तहेराचा जीर्णोद्धार

देवालय जुने झाले, भिंतींना भेगा पडल्या, की त्याचा जीर्णोद्धार करतात. भिंती नव्या बांधल्या जातात, शिखर नवे चढते; गाभाऱ्यातील मूर्ती मात्र तीच राहते, आणि म्हणूनच देवालय तेच आहे असे लोक मानतात. लोकप्रिय कथानायकांच्या बाबतीतही असाच प्रसंग येतो. वर्षानुवर्षे चाललेली एखादी चित्रपटमालिका शिळी वाटू लागली, म्हणजे निर्माते मागचे सारे पुसून कथा पुन्हा पहिल्यापासून मांडतात. चित्रपटव्यवसायात यास 'रीबूट' म्हणतात. संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या क्रियेवरून हा शब्द आला आहे. यात टाकावे काय आणि राखावे काय, हा खरा प्रश्न असतो. जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराच्या चित्रपटांना २००६ साली त्याचे उत्तर द्यावे लागले.

बाँडचा जनक इयान फ्लेमिंग. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या या लेखकाने १९५३ साली 'कॅसिनो रोयाल' ही पहिली बाँड-कादंबरी प्रसिद्ध केली. १९६२ मध्ये 'डॉक्टर नो' हा चित्रपट आला आणि शॉन कॉनरी या नटाने बाँडला जगभर नेले. पुढील चाळीस वर्षांत या मालिकेचे वीस चित्रपट निघाले. पाच नटांनी ती भूमिका केली, पण नायकाचे वय वाढले नाही आणि त्याला भूतकाळही फारसा नव्हता. दूरदेशीची प्रेक्षणीय स्थळे, विलक्षण यंत्रे, सुंदर स्त्रिया आणि जगाचा घास घेऊ पाहणारा खलनायक, हा साचा ठरून गेला. १९८३ च्या 'ऑक्टोपसी'साठी हा लवाजमा आपल्या उदयपुरातही येऊन गेला होता.

या साच्यामागे शीतयुद्धाचे जग उभे होते. १९९१ साली सोव्हिएट संघराज्य विसर्जित झाले. तोवर कायदेशीर तंट्यांमुळे मालिकाही थंडावलेली होती. १९८९ नंतर सहा वर्षे एकही चित्रपट निघाला नाही. १९९५ च्या 'गोल्डनआय'ने तोडगा काढला तो डागडुजीचा. बाँडच्या वरिष्ठपदी स्त्री आली, आणि तू गतकाळाचा अवशेष आहेस, असे तिने त्याला तोंडावर सुनावले. नायक मात्र होता तसाच राहिला. २००२ च्या 'डाय अनदर डे'मध्ये तर अदृश्य होणारी मोटार आणि बर्फाचा महाल येथपर्यंत मजल गेली. त्याच वर्षी जेसन बोर्न या स्मृती हरवलेल्या हेराचा पहिला चित्रपट आला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या प्रेक्षकांना त्याच्या अंगावरील जखमा अधिक खऱ्या वाटल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'डाय अनदर डे' पडला नव्हता. त्याने सुमारे ४३ कोटी डॉलर मिळविले होते. गल्ला भरत असतानाच निर्मात्यांनी जुनी घडी मोडली. त्यांना एक संधीही लाभली होती. पहिल्या कादंबरीचे हक्क आरंभापासून इतरांकडे होते. तिच्यावर १९५४ साली अमेरिकेत दूरचित्रवाणी-नाट्य आणि १९६७ साली एक विडंबनपट होऊन गेला होता. १९९९ च्या तडजोडीने ते हक्क मालिकेकडे आले, आणि मूळ आरंभच हाती लागला.

१९९५ ची डागडुजी करणारे मार्टिन कॅम्पबेल हेच दिग्दर्शक या वेळी पाया खणावयास निघाले. डॅनियल क्रेग यांचे नाव २००५ मध्ये जाहीर होताच, सोनेरी केसांचा बाँड कसा चालेल, म्हणून गहजब उडाला. २००६ चा 'कॅसिनो रोयाल' उघडतो तो कृष्णधवल दृश्यांत: बाँड अद्याप 'शून्य-शून्य-सात' झालेला नाही, आणि त्यासाठी लागणाऱ्या दोन हत्या तो करीत आहे. यंत्रे पुरविणारा क्यू आणि चिटणीस मनीपेनी गाळली गेली. मद्य हलवून हवे की ढवळून, या प्रश्नावर हा बाँड त्रासून उत्तर देतो. मारामारी झाली की त्याचे अंग रक्तबंबाळ होते.

शत्रूही बदलला. कादंबरीतील ल शिफ्र हा सोव्हिएट यंत्रणेचा खजिनदार. चित्रपटात तो दहशतवाद्यांचा सावकार झाला. एका विमान-कंपनीचे भाग घसरतील असा सट्टा करून तो विमानावरच घातपात योजतो, बाँड तो उधळून लावतो, आणि बुडालेला पैसा भरून काढण्यासाठी ल शिफ्र जुगाराच्या मेजावर बसतो. राखले ते एकच: वेस्पर लिंड या स्त्रीवरील बाँडचे प्रेम, तिचा विश्वासघात आणि तिचा मृत्यू. हा पुरुष इतका थंड का झाला, हे प्रेक्षकांना येथे उमगते. आणि त्यानंतरच, अगदी अखेरीस, तो आपले नाव त्या सुप्रसिद्ध ढंगाने उच्चारतो. चित्रपटाने सुमारे ६० कोटी डॉलर मिळविले.

सारे नवे असता जुन्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या भूमिकेत ज्युडी डेंच मात्र कायम होत्या. ही विसंगती कोणास खटकली नाही, कारण मूर्ती जागेवर होती. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये क्यू आणि मनीपेनी परतले, तेव्हा त्यांचे स्वागतच झाले.

पुढची परीक्षा अधिक अवघड आहे. २०२१ च्या 'नो टाइम टु डाय'मध्ये बाँडचा मृत्यू दाखविला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रोकोली घराण्याकडील निर्मितीची सूत्रे अमेझॉन कंपनीकडे जात असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी दिग्दर्शक डेनी व्हिलनव आणि लेखक स्टीव्हन नाइट यांची निवड झाली. २००६ साली न वापरलेली पहिली कादंबरी हाताशी होती; आता फ्लेमिंगच्या बाराही कादंबऱ्यांची नावे पडद्यावर येऊन गेली आहेत. नव्या मंडळींना उसनवारीस जागा थोडी आहे. अदृश्य मोटारीहून मोठी यंत्रे आणणे पैशाच्या बळावर सहज साधेल. परंतु कर्तव्यापायी आपले मन गोठवून घेणारा तो एकाकी माणूस त्यांना पुन्हा उभा करावा लागेल. नायक मेल्यावरही २०२१ च्या त्या चित्रपटाच्या शेवटी, जेम्स बाँड परत येईल, ही नेहमीची पाटी झळकली होती. ते वचन पाळण्याचे काम आता नव्या हातांकडे आले आहे.