‘सेटअप इट’ की ‘सेट इट अप’? कंपनीतल्या इंग्रजीत छोटे शब्द का अडवतात?

पिंपरीतल्या संत तुकाराम नगर परिसरात इंजिनीअरिंग कॉलेज, वायसीएम रुग्णालय, मेट्रो स्टेशन आणि वल्लभनगरचा एसटी स्टँड हे सगळं जवळजवळ आहे. इथं शिकणाऱ्या, खोली घेऊन राहणाऱ्या अनेकांची नजर भोसरी किंवा चाकण एमआयडीसीतल्या नोकरीवर असते. मशीन, ड्रॉइंग, गेज यांची भाषा त्यांना येते. गाडी अडते ती मुलाखतीत आणि मेल लिहिताना. अडवणारे शब्दही मोठे नसतात. ‘इट’, ‘अप’, ‘ऑफ’, ‘टू’, ‘ॲट’ हेच ते. त्यांची जागा कशी ठरते, हे समजून घेऊ.

शब्द रोजचे, मग चूक कुठे होते?

शॉपफ्लोअरवरचं मराठी ऐका. ‘मशीनचं सेटअप झालं का?’, ‘लाइनला ब्रेकडाउन आहे’, ‘शिफ्टचं हँडओव्हर दे’, ‘व्हेंडरचा फॉलोअप घे’. मराठीनं हे सगळे शब्द नाम म्हणून उचलले आणि त्यांना देणे, घेणे, करणे, होणे अशी आपली क्रियापदं जोडली. त्यामुळे ‘सेटअप’ हा एकच सलग शब्द आहे, असं डोक्यात पक्कं बसतं. मग इंग्रजी बोलताना ‘प्लीज सेटअप इट’ किंवा ‘आय विल हँडओव्हर इट’ अशी वाक्यं तयार होतात.

इंग्रजीत नाम म्हणून हा शब्द सलग असतो. क्रिया सांगायची झाली की जोड सुटतो आणि ‘इट’ मध्ये येतं: ‘सेट इट अप’, ‘हँड इट ओव्हर’, ‘शट इट डाउन’. फरक उच्चारातही ऐकू येतो. नाम असेल तर जोर ‘सेट’वर, क्रियापद असेल तर ‘अप’वर.

‘इट’ मध्येच का?

वस्तूचं नाव घेतलं तर दोन्ही रचना चालतात: ‘टर्न ऑफ द मशीन’ आणि ‘टर्न द मशीन ऑफ’. सर्वनाम आलं की ही मोकळीक संपते. ‘टर्न इट ऑफ’ बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ चूक.

कारण साधं आहे. इंग्रजी वाक्यात शेवटची जागा सहसा नव्या, महत्त्वाच्या माहितीची असते. ‘इट’ म्हणजे ज्याचं बोलणं आधीच झालंय ते. त्यावर जोर नसतो, म्हणून ते मध्ये जातं. शेवटी ‘ऑफ’ येतं, कारण ऐकणाऱ्याला तेच कळायला हवं: चालू की बंद?

मग ‘लुक ॲट इट’ कसं चालतं?

इथं ‘ॲट’ हे शब्दयोगी अव्ययाचं काम करतं. मराठीत ‘त्याच्याकडे’ म्हणताना ‘कडे’ सर्वनामाला चिकटतं, तसं इंग्रजीत ‘ॲट’ सर्वनामाच्या आधी बसतं. म्हणून ‘लुक ॲट इट’, ‘वेट फॉर इट’, ‘लिसन टू इट’.

ओळखायची खूण अशी: छोटा शब्द नामाच्या पुढे सरकवून बघा. ‘टर्न द मशीन ऑफ’ चालतं, ‘लुक द मशीन ॲट’ चालत नाही. जो शब्द सरकतो, त्याच्याआधी ‘इट’ येतं. जो सरकत नाही, त्याच्यानंतर येतं. ‘फॉलोअप’मध्ये तर एक शब्द वाढतो: ‘फॉलो अप ऑन इट’.

विशेषणाचाही हाच हिशेब

‘कीप इट ड्राय’, ‘वाइप इट क्लीन’, ‘पेंट इट रेड’. इथंही ‘इट’ मध्ये आणि स्थिती सांगणारं विशेषण शेवटी आहे. ‘टर्न इट ऑफ’मधला ‘ऑफ’सुद्धा एक स्थितीच सांगतो. म्हणजे साचा एकच: आधी क्रिया, मग वस्तू, शेवटी परिणाम.

मराठीत क्रम वेगळा आहे. ‘ते बंद कर’, ‘ते कोरडं ठेव’. आधी वस्तू, मग परिणाम, शेवटी क्रिया. मराठीतलं शेवटचं क्रियापद उचलून पुढे आणलं की इंग्रजी क्रम मिळतो. हे एक सूत्र लक्षात ठेवलं तर अर्ध्या चुका कमी होतील.

‘डिस्कस अबाउट’ कुठून आलं?

मराठीतून. आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ आपोआप येतं. इंग्रजीत मात्र ‘डिस्कस’ला थेट कर्म लागतं: ‘डिस्कस इट’. ‘चाकणला पोहोचलो’मधल्या ‘ला’मुळे ‘रीच्ड टू चाकण’ होतं. हवं फक्त ‘रीच्ड चाकण’. ‘तिच्याशी लग्न’मधून ‘मॅरीड विथ हर’ येतं. हवं ‘मॅरीड टू हर’. ‘गणितात हुशार’चं ‘गुड इन मॅथ्स’ होतं. ‘गुड ॲट मॅथ्स’ हवं.

उलटही घडतं. ‘मला समजावून सांगा’चं ‘एक्सप्लेन मी’ होतं. ‘टेल मी’, ‘गिव्ह मी’, ‘शो मी’ बरोबर असल्यानं हेही बरोबर वाटतं. पण ‘एक्सप्लेन’ आणि ‘सजेस्ट’ या क्रियापदांना ‘टू’ लागतो: ‘एक्सप्लेन इट टू मी’.

एवढ्यानं काय बिघडतं?

‘टर्न ऑफ इट’ म्हटलं तरी समोरच्याला कळतं. खरी अडचण होते छोटा शब्दच बदलला तर. ‘पुट ऑन’ म्हणजे घालणं, ‘पुट आउट’ म्हणजे आग विझवणं, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. ‘लुक्ड ओव्हर द रिपोर्ट’ म्हणजे रिपोर्टवर नजर टाकली. ‘ओव्हरलुक्ड द रिपोर्ट’ म्हणजे त्याकडे दुर्लक्ष झालं. क्वालिटीच्या मेलमध्ये हा फरक महागात पडू शकतो.

म्हणूनच विमानांच्या देखभालीची पुस्तकं लिहिण्यासाठी ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ हे नियमबद्ध इंग्रजी तयार झालं. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, हे त्याचं तत्त्व. अशा जोड क्रियापदांऐवजी नेमकं एकच क्रियापद वापरा, असा त्यात नियम आहे.

परदेशी माणसाची जुनीच डोकेदुखी

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला इंग्रजी शब्दकोश काढला. क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परक्यांना सर्वांत अवघड जाते, असं त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलं होतं.

महाराष्ट्रात २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते प्रा. रामकृष्ण मोरे. चिंचवडचं प्रेक्षागृह त्यांच्याच नावाचं आहे. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशीत आहेत. अनेकांना शब्द भरपूर येतात, पण ते सुटे पाठ झालेले असतात आणि अडचण असते जोडण्यात.

खरं तर अशा जोडण्या मराठी माणसाला नव्या नाहीत. ‘खाऊन टाक’मध्ये कुणी काही टाकत नाही आणि ‘हरवून बसला’मध्ये कुणी बसत नाही. दुसरं क्रियापद फक्त अर्थाची छटा देतं. इंग्रजीत तेच काम ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ करतात. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक, साधारण तोच ‘ईट इट’ आणि ‘ईट इट अप’ यांत.

काय करता येईल?

- क्रियापद एकटं पाठ करू नका. ‘हँड ओव्हर’ऐवजी ‘हँड इट ओव्हर’ असं ‘इट’सकट लिहा.
- रोज कानावर पडणाऱ्या दहा नामांची यादी करा: सेटअप, शटडाउन, बॅकअप, चेकआउट. प्रत्येक शब्द फोडून एक वाक्य बनवा.
- ‘बद्दल’, ‘ला’, ‘शी’ मराठीतून थेट उचलू नका. त्या क्रियापदापुढे काय येतं, ते शब्दकोशातल्या उदाहरणात बघा.
- कामाच्या मेलमध्ये शंका आली तर साधं क्रियापद निवडा. ‘पुट ऑफ’ की ‘पुट आउट’ असा गोंधळ असेल तर ‘पोस्टपोन’ लिहा.
- मुलाखतीत छोटा शब्द चुकला तर तिथं अडकू नका, वाक्य पूर्ण करा. अर्थ पोहोचणं पहिलं. ‘इट’ची जागा सरावानं बसते.