‘एम-टू’ येतोय? आधी हे वाचा!

जानेवारीत सकाळी साडेआठच्या सुमारास खारघर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत जरा कान देऊन उभे राहा. पाठीवर सॅक, गळ्यात आयकार्ड, एका हातात ड्राफ्टर आणि तोंडात एकच विषय.

‘एम-वन निघाला का रे?’
‘निघाला, काठावर. आता एम-टू.’
‘सिनियर म्हणतो, एम-टू बेक्कार असतो. अर्धा वर्ग उडतो.’

रिक्षा उत्सव चौकात पोहोचेपर्यंत ‘अर्धा वर्ग’चा ‘अख्खा वर्ग’ झालेला असतो. मीही याच रांगेत उभी असायचे. आज मास कम्युनिकेशन करतेय, पण त्याआधी एक वर्ष आणि थोडं जास्त इंजिनीअरिंगला होते. आणि हो, एम-टूमध्ये माझी केटी लागली होती. त्यामुळे हे टॉपरचं मार्गदर्शन नाही. जी आपटली आणि नंतर उठली, तिने सांगितलेल्या चार गोष्टी आहेत. यंदा माझा मामेभाऊ फर्स्ट इयरला आहे. त्याला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

हा विषय आहे तरी काय?

एम-टू म्हणजे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरचं गणित. पहिल्या सेमिस्टरला कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स, पार्शल डिफरन्सिएशन असं मिसळीसारखं सगळं थोडं थोडं असतं. दुसरं सेमिस्टर मात्र जवळपास सगळं कॅल्क्युलस, त्यातही इंटिग्रेशन. मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या स्कीममध्ये याचे सहा भाग होते : पहिल्या ऑर्डरची डिफरन्शिअल इक्वेशन्स, वरच्या ऑर्डरची डिफरन्शिअल इक्वेशन्स, बीटा-गॅमा फंक्शन आणि रेक्टिफिकेशन, डबल इंटिग्रेशन, ट्रिपल इंटिग्रेशन आणि शेवटी न्यूमरिकल मेथड्स. लेखी पेपर 80 चा, इंटर्नल 20 चं. पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले कोणतेही तीन. लेखीत पास व्हायला 32.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर स्कीम बदलली आहे, आणि स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम वेगळा असतो. म्हणून पहिलं काम हे करा : आपल्या बॅचचा सिलॅबस डाउनलोड करा आणि त्याची प्रिंट काढून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. सिनियरची जुनी नोट्स हातात पडली म्हणून तोच सिलॅबस आपला, असं धरून चालू नका. बीएस्सीला असाल तर तुमच्या कॅल्क्युलसमध्ये ‘काढून दाखवा’पेक्षा ‘सिद्ध करा’ जास्त असेल. तिथे व्याख्या शब्दन् शब्द यायला हवी. बाकी दुखणं मात्र दोघांचं सारखंच.

बारावीचं किती कामाला येतं?

खूप. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. बारावीला डिफरन्शिअल इक्वेशन होतंच. व्हेरिएबल वेगळे करायचे, होमोजीनिअस असेल तर सब्स्टिट्यूशन, लिनिअर असेल तर इंटिग्रेटिंग फॅक्टर. गरम चहा कसा निवत जातो, हे न्यूटनच्या नियमाने काढलेलं गणित आठवतंय? चहा आणि खोली यांच्या तापमानातला फरक जितका जास्त, तितका चहा लवकर निवतो. एम-टूची सुरुवात याच घरातून होते. बर्नुलीचं इक्वेशन आलं की ते लिनिअरमध्ये बदलायचं. ‘एक्झॅक्ट’ आलं की एक अट तपासायची. अट बसत नसेल, तर बसवणारा फॅक्टर शोधायचा.

मग मुलं अडकतात कुठे? गणित सोडवण्यात नाही, ओळखण्यात. बारावीच्या पुस्तकात स्वाध्यायाच्या वरच लिहिलेलं असतं की ही लिनिअरची गणितं आहेत. पेपरात फक्त इक्वेशन असतं. माझं नेमकं इथेच चुकलं. प्रत्येक प्रकाराची वीस-वीस गणितं केली, पण ओळीने. एका प्रकाराची संपली की पुढच्या प्रकाराची. वही भरली, आत्मविश्वास आला आणि पेपर हातात पडल्यावर पाच मिनिटं नुसती बघत बसले. हे कोणतं आहे, तेच कळेना.

केटीच्या वेळी एका मैत्रिणीने सोपी युक्ती सांगितली. साठ गणितं साठ चिठ्ठ्यांवर लिहायची आणि डब्यात टाकायची. रोज दहा चिठ्ठ्या काढायच्या. सोडवायचं नाही, फक्त प्रकार कोणता आणि पहिली पायरी काय, एवढंच बोलायचं. दहा मिनिटांचं काम. आठवड्याभरात फरक जाणवला.

आकृती काढायचा कंटाळा महागात पडतो

डबल इंटिग्रेशन हा एम-टूचा गाभा आहे. इथे सगळ्यांत जास्त मार्क जातात आणि इथेच सगळ्यांत सहज मिळतातही. एक उदाहरण घ्या. ‘ई’ या संख्येचा घात आहे वायचा वर्ग. त्याचं इंटिग्रेशन आधी वायने करायचंय, एक्सपासून 1 पर्यंत. मग एक्सने, 0 ते 1. बसा सोडवत! वायने सुरुवात केलीत तर रात्र सरेल, पण उत्तर येणार नाही. कारण आपल्याला माहीत असलेल्या नेहमीच्या फंक्शन्समध्ये त्याचं इंटिग्रेशन लिहिताच येत नाही.

आता पेन्सिल घ्या. एक्स बरोबर वाय ही तिरकी रेघ काढा, वाय बरोबर 1 ही आडवी रेघ काढा. एक त्रिकोण दिसेल. आपण त्या त्रिकोणात उभ्या पट्ट्या लावत होतो. त्याऐवजी आडव्या लावा. आता एक्स 0 पासून वायपर्यंत जातो आणि वाय 0 ते 1. आधी एक्सने इंटिग्रेशन केलं की बाहेर एक वाय मिळतो. तो मिळाला की वायच्या वर्गाला ‘टी’ धरायचं. तीन ओळींत उत्तर येतं : ई वजा 1, भागिले 2. म्हणजे साधारण 0.86.

जादू नाही हो, तोच त्रिकोण दुसऱ्या बाजूने बघितला इतकंच. आकृती न काढता लिमिट बदलायला गेलात तर नव्वद टक्के नाही, शंभर टक्के चुकाल असं मी म्हणेन, कारण मी चुकलेय. आणखी एक : पोलर कोऑर्डिनेटमध्ये गेलात की ‘आर’ जास्तीचा लिहावा लागतो. डीआर डीथीटा नाही, आर डीआर डीथीटा. ट्रिपलमध्ये गोलाच्या कोऑर्डिनेटला आरचा वर्ग आणि साइन दोन्ही येतात. हा एक ‘आर’ राहिला की पुढची दोन पानं वाया. मी माझ्या कंपासपेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवलं होतं : ‘आर घेतलास का?’ अर्थात परीक्षेला ती पेटी घरी ठेवून साध्या पाउचमध्ये पेन नेले, गैरसमज नको!

मेट्रोत बसून सिम्पसन

मुलांना सर्वांत कोरडा वाटणारा भाग म्हणजे न्यूमरिकल मेथड्स. खरं तर तो सर्वांत जवळचा आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली. 11 स्टेशनं, सुमारे 11 किलोमीटर. मी शिकत होते तेव्हा ती नव्हती, नुसते खांब दिसायचे. आता तुम्ही कॉलेजला तिनेच जात असाल, तर हे करून बघा.

समजा, दोन स्टेशनांमध्ये गाडीला 80 सेकंद लागले आणि दर 20 सेकंदांनी वेग नोंदवला : 0, 12, 18, 12 आणि 0 मीटर प्रतिसेकंद. स्टेशनांमधलं अंतर किती? वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. ट्रॅपेझॉइडल नियमाने 840 मीटर येतं, सिम्पसनच्या एक-तृतीयांश नियमाने 880. फरक का? पहिला नियम बिंदू सरळ रेघेने जोडतो, दुसरा वक्राने. गाडीचा वेग काही कोपऱ्या-कोपऱ्यांनी वाढत नाही, म्हणून वक्र बहुतेक वेळा खऱ्याच्या जवळ जातो.

लक्षात ठेवायचं एवढंच की एक-तृतीयांशला भाग सम संख्येने हवेत आणि तीन-अष्टमांशला तीनच्या पटीत. या भागात कॅल्क्युलेटर आणि टेबल नीट मांडलं की हमखास मार्क. तरी मुलं तो शेवटचा म्हणून सोडून देतात. मीही दिला होता.

पुस्तक कोणतं, क्लास लावू का?

मुंबई विद्यापीठाच्या पोरांना कुंभोजकरांचं पुस्तक वेगळं सांगायला नको. सोडवलेली गणितं भरपूर, भाषा सोपी. ग्रेवाल यांचं जाडजूड ‘हायर इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स’ लायब्ररीत असतंच. समजलं नाही तर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची लेक्चर्स फुकट आहेत. पण व्हिडिओ बघणं आणि गणित येणं यात तेवढंच अंतर आहे जेवढं क्रिकेट बघणं आणि खेळणं यात. सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सगळं कळतं. मग व्हिडिओ थांबवा, पान उलटा आणि तेच गणित कोऱ्या कागदावर करा. अडलात ना? तिथून तुमचा अभ्यास सुरू होतो.

क्लास लावावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण लावण्याआधी दोन आठवडे कॉलेजच्या मॅडमना किंवा सरांना स्टाफरूममध्ये गाठून शंका विचारून बघा. ‘मला डबल इंटिग्रेशन येत नाही’ असं नका म्हणू. ‘या पट्टीची वरची लिमिट ही का?’ असं विचारा. नेमकं विचारलं की बहुतेक शिक्षक नेमकं सांगतात. मी पूर्ण सेमिस्टर एकदाही गेले नाही. लाज वाटायची. केटीच्या वेळी गेले, तर वीस मिनिटांत जे कळलं ते चार महिन्यांत कळलं नव्हतं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर रोज एक तास. फक्त एक. ‘पीएलमध्ये बघू’ हा आपला राष्ट्रीय मंत्र बाकी विषयांना कधीमधी तारतो, एम-टूला नाही. कारण इथे दुसऱ्या भागातलं तिसऱ्यात लागतं आणि चौथा आला नाही तर पाचवा वाचण्यात अर्थच नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, गाइड मिटून.

आणि तरीही लागली केटी, तर?

हा भाग लिहू की नको, असं दोनदा वाटलं. निकालाच्या दिवशी मी मैत्रिणींना ‘सगळं निघालं’ असं सांगितलं आणि सेंट्रल पार्कमध्ये जाऊन एकटीच बसले. घरी अकरा दिवस सांगितलं नाही. अकरा दिवस रोज जेवताना बाबा विचारायचे, ‘निकाल लागला का गं?’ आणि मी म्हणायचे, ‘अजून नाही.’ पेपरात मार्क गेले त्याचं एवढं वाटलं नाही, जेवढं त्या रोजच्या खोट्याचं वाटलं. त्यात फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदतही निघून गेली, कारण फीचे पैसे मागायचे तर घरी सांगावं लागलं असतं.

बाराव्या दिवशी सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘अगं, एवढे दिवस एकटी घेऊन बसलीस?’ बस, एवढंच. मी मनात रंगवलेला तमाशा झालाच नाही.

प्रत्येकाच्या घरी असंच होईल, असं मी म्हणणार नाही. काही घरांत आवाज चढेल, शेजारच्या पोराशी तुलना होईल. तरी पहिल्याच दिवशी सांगा. घरी अवघड असेल तर आधी ताईला, काकाला, मित्राला, कुणाला तरी सांगा. मग कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन नियम विचारा : फॉर्म कधी, फोटोकॉपीची मुदत कधी, पुढच्या वर्षाला जायला किती केटी चालतात. कट्ट्यावर ऐकलेल्या नियमांवर विसंबू नका. आणि फारच अंधारून आलं, झोप उडाली, नको नको ते विचार यायला लागले, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416. फोन करायला पैसे लागत नाहीत, लाजही वाटायला नको.

दुसऱ्या प्रयत्नात माझा एम-टू सुटला. त्यानंतर मी लाइन बदलली. लोकांना वाटतं, गणिताला घाबरून सोडलं. खरं उलट आहे. केटी असताना सोडलं असतं तर आयुष्यभर वाटत राहिलं असतं की पळाले. पेपर निघाल्यावर शांतपणे ठरवता आलं की मला लिहायचंय.

मामेभाऊ परवा घरी आला होता. डब्यातली चिठ्ठी काढली, बघितली आणि म्हणाला, ‘ताई, हे एक्झॅक्ट नाहीये, पण करता येईल.’ मी वहीत बघितलं. बरोबर होतं. तुम्हीही आज रात्री दहा चिठ्ठ्या लिहायला घ्या. उरलेल्या पन्नास उद्यापासून.