गोधडी संग्रहालयात, पैसे कुणाच्या खिशात? काय आहे अमेरिकेतल्या 'जीज बेंड'ची गोष्ट?

विरलेली साडी, फाटका सदरा, उसवलेली पँट... 'टाकू नको, गोधडीला होईल', हे वाक्य आपल्याकडे घराघरात ऐकू येतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या एका लहानशा गावातल्या बायकाही पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या. त्यांच्या गोधड्या आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. पण त्यातून या बायकांना काय मिळालं? जाणून घेऊ.

हे गाव कुठे आहे?

अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या जमिनीवर 'जीज बेंड' वसलं आहे. कागदोपत्री नाव बॉयकिन. 1816 मध्ये जोसेफ जी या जमीनदाराने इथे कापसाचा मळा वसवला, तो गुलामांच्या श्रमावर. पुढे मळा पेटवे नावाच्या मालकाकडे गेला. गावातल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचं आडनाव आजही पेटवेच आहे.

1865 मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी संपली. महात्मा फुल्यांनी 1873 चं 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच अर्पण केलं होतं. जीज बेंडमध्ये मात्र माणसं मुक्त झाली, तरी जमीन मालकाचीच राहिली. लोक वाट्याने कापूस पिकवत राहिले आणि कर्ज वाढत गेलं. 1932 मध्ये उधारी वसूल करण्यासाठी सावकाराच्या घरच्यांनी गावातली जनावरं, अवजारं आणि साठवलेलं धान्यही उचलून नेलं.

मग गोधडीत काय वेगळं?

घरं लाकडी, फटींतून वारा येणारी. गोधडी ही गरज होती. शेतात घातलेले डेनिमचे कपडे, खताची-पिठाची पोती, आत भरायला जिनिंगमध्ये सांडलेला कापूस. मधल्या तुकड्याभोवती चौकटीमागून चौकट जोडत जाणारी 'हाउसटॉप' ही इथली आवडती नक्षी. तुकडे जसे मिळतील तशी ती वाकते, रंग अचानक बदलतो. 1942 मध्ये मिसुरी पेटवे यांनी दिवंगत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर घेता यावी, म्हणून.

ताटात काय?

ताटातही हाच हिशेब. मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड, कोलार्डची पालेभाजी. भाजी शिजवलेलं पाणीसुद्धा फेकायचं नाही. 'पॉटलिकर' म्हणून त्यात कॉर्नब्रेड बुडवून खायचा. आपल्या ओळखीची भेंडीही या ताटात असते. ती गुलामांच्या व्यापारासोबत आफ्रिकेतून तिकडे पोहोचली.

गावाची बोट का बंद झाली?

1960 च्या दशकात गावकरी मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडच्या कॅम्डेनला जाऊ लागले. 1962 मध्ये फेरीबोट बंद झाली आणि रस्त्याने तासाभराचा वळसा नशिबी आला. 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे येऊन गेले. 1966 मध्ये परिसरातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. बोट पुन्हा सुरू व्हायला 2006 साल उजाडलं. त्याच वर्षी अमेरिकी टपाल खात्याने जीज बेंडच्या गोधड्यांची 10 तिकिटं काढली.

मग वाद कशाचा?

2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात प्रदर्शन झालं आणि गोधड्यांना 'आधुनिक कला' म्हणून नाव मिळालं. नक्षी गालिच्यांवर, वस्तूंवर छापली जाऊ लागली. मोबदला पुरेसा नाही, असं म्हणत 2007 मध्ये काही कारागीर न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी ही प्रकरणं मिटली. 2024 मध्ये 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीने पाच कारागिरांच्या कामावर बेतलेल्या वस्तू विकल्या. तेव्हा कारागिरांना विक्रीच्या प्रमाणात नव्हे, तर एकरकमी पैसे मिळाल्याच्या बातम्या आल्या.

अडचण अशी, की आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेल्या नक्षीवर एकाच व्यक्तीचा हक्क सांगणं कठीण. ती हुबेहूब नव्हे, तर 'प्रेरणा' म्हणून वापरली, तर आणखीच कठीण.

आता पुढे काय?

2021 पासून अनेक कारागीर 'एट्सी' या ऑनलाइन बाजारात स्वतःच्या नावाने गोधड्या विकतात. किंमत त्याच ठरवतात. 2022 पासून गावात ऑक्टोबरमध्ये उत्सवही भरतो. पूर्वी गोधड्या उन्हाला टाकायचे, तशाच त्या दोरीवर आणि अंगणात मांडल्या जातात. पाहायचं असेल, विकत घ्यायचं असेल, तर लोकांनी गावात यायचं.