राणीछाप रुपयाची पारख

सकाळी ८. बुधवार, म्हणजे पुण्याचा जुना बाजार. उन्हं तिरपी आहेत तोवर जाऊन येतो. डोक्यावरच्या उजेडात नाण्यावरच्या बारीक खुणा दिसत नाहीत. एका बाजूला रामपंचायतन, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ साल, असं नाणं इथे हमखास दिसतं. कंपनीने ते कधीच पाडलं नव्हतं. ‘तांदूळ ओढणारं नाणं’ म्हणून असल्या तुकड्यांपायी माणसं पैसे घालवून बसतात. कुणी हातात घेऊन विचारलं की मी उभ्याउभ्या सांगतो, घेऊ नका.

१०. दुकान उघडून आधी काटा तपासतो. १८३५ पासूनच्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. वापरातला रुपया झिजतो, काटा ११.५ दाखवत असेल तर मला चिंता वाटत नाही. अक्षरं पुसून गेलेला रुपया नेमका ११.६६ भरला, तर मात्र मी सावध होतो. झीज झाली, मग वजन का घटलं नाही?

१०.३०. एक आजी पुरचुंडी घेऊन आल्या. “सगळ्यांवर १८६२च लिहिलंय, नातू म्हणतो एकाच साच्यातले नकली असतील.” आजी, तसं नाही. राणीच्या रुपयावर १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंत छापत राहिले. फरक ठिपक्यांत असतो. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येकाचे ठिपके वेगळे. काठावरच्या रेघा सरळ, कुठे सांधा नाही. सगळे अस्सल. पुरचुंडीतला १९४७ चा वाघाचा रुपया मात्र चुंबकाला चिकटला. तोही खराच, पण निकेलचा. चांदीचा भाव त्याला मिळणार नाही.

१२. पुढचा रुपया दिसायला ठीक, वजन ११.६४. काठ मात्र थोडा जाड वाटला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता बुडवलं. या रुपयात ९१.७ टक्के चांदी असते, त्यामुळे काटा १.१३ च्या आसपास थांबायला हवा. थांबला १.३६ वर. घनता साडेआठ; आत पितळेसारखी हलकी धातू, वर चांदीचा मुलामा. नाणं वाजवून पाहणाऱ्यांना माझं सांगणं असतं की आवाजावर निकाल देऊ नका. बारीक चीर असलेला खरा रुपयाही बद्द वाजतो.

१. फोन. शेतात गाडगं सापडलंय, ‘नमुना बघून किंमत सांगा’. १८७८ च्या कायद्याप्रमाणे असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, एवढं सांगून फोन ठेवला. नमुना खरा आणि बाकीचं गाडगं पितळेचं, हा धंदा जुना आहे.

३. आजचं अवघड काम. एक तरुण १९३९ चा रुपया घेऊन आला. ९१.७ टक्के चांदीचा हा शेवटचा रुपया. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९३८ चे रुपये मुबलक, १९३९ चे दुर्मीळ, आणि लबाडी नेमकी इथेच होते. “काका, मशीनवर तपासलंय, चांदी बरोबर आहे.” चांदी बरोबर असणारच. वजन, घनता, काठ, सगळं बरोबर. दिवा तिरपा करून मी बराच वेळ सालाच्या शेवटच्या आकड्याकडेच पाहत बसलो. टांकसाळीच्या दाबाने उठलेली झळाळी आकड्याच्या डाव्या बाजूला अचानक तुटत होती आणि तिथे बारीक ओरखडे होते. आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू खरवडून नऊ केलेला. नाणं खरं, साल खोटं. मुलाचा चेहरा उतरला. त्याला दोन्ही आकडे भिंगाखाली शेजारी ठेवून दाखवले, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतः ओळखेल.

५.३०. पेशवाईतला अंकुशी रुपया. हातोड्याने ठोकलेल्या या नाण्यावर अख्खा ठसा सहसा मावत नाही. मजकूर काठाबाहेर गेलेला असतो. सुबक गोल आणि पूर्ण मजकूर दिसला की मला शंका येते. यावर जुन्या सराफांचे ठोके होते. गिऱ्हाइकाला ते डाग वाटले. मला ते फार मोलाचे वाटतात. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाच प्रश्न विचारून धातू तपासली होती.

७.३०. शेवटचं नाणं १९११ चा पंचम जॉर्ज. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ मध्ये सोंड स्पष्ट करून ठसा बदलला. हा रुपया बहुधा खरा असावा. बहुधा म्हणतो, कारण तो चिंच आणि रांगोळीने इतका घासलाय की झळाळी, काळपट थर, काठाच्या कडा, ज्यांवरून मी ठामपणे बोललो असतो, ते काहीच उरलेलं नाही. किंमतही गेली.

लक्ष्मीपूजनाला घरातले रुपये जरूर पुजा. ते साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, पण घासू नका. आणि पारखायला आणायचे असतील तर जसे आहेत तसेच, काळे पडलेले आणा.